टाकीत सहाच मासे राहतील

मी, श्रीपती महिपत सुर्वे, वय सदुसष्ट, निवृत्त भूकरमापक, राहणार नाचणे रोड, रत्नागिरी, हे माझ्या हाताने लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे; छाती नाही. येत्या बुधवारी कोल्हापुरात माझ्या हृदयावर शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणतात, घाबरण्यासारखे काही नाही. मी घाबरलो आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही, मी नशापाणी करत नाही आणि यापूर्वी मृत्युपत्र केलेले नाही.

१. घर. माझे चिऱ्याचे घर, मागची विहीर व आंब्याची सात कलमे माझी पत्नी विमला हिने तहहयात उपभोगावीत. तिच्या पश्चात ती माझा एकुलता मुलगा शार्दूल, राहणार ठाणे, याची. विहिरीजवळचे कलम एक वर्षाआड धरते, म्हणून रिकाम्या वर्षी वांझ समजून ते कोणी तोडू नये. बँकेतील ठेवी विमलाच्या औषधपाण्यासाठी.

२. हत्यारे. मोजणीची साखळी व प्लेन टेबल शार्दूलला. त्याला त्यांचा काडीचा उपयोग नाही हे मला माहीत आहे. भंगारात घालायचीच झाली तर त्याने स्वतः न्यावीत, दुसऱ्याच्या हाती देऊ नयेत.

३. टाकी. ओटीवरील काचेची टाकी, तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद. आत सहा मासे: चार नारिंगी, एक काळा, एक पांढरा. ही टाकी विमलाची आहे आणि या मृत्युपत्रातली सर्वांत मोठी मिळकत हीच आहे.

तीन वर्षांपूर्वी विमलाच्या अंगावरून वारे गेले. उजवी बाजू गेली, वाचा गेली. ती भिंतीकडे तोंड करून पडून राही. शार्दूलने ही टाकी आणून तिच्या खाटेसमोर ठेवली. पंधराव्या दिवशी तिच्या उजव्या हाताचे बोट चादरीवर हलले. एकेका माशामागे एकदा, असे सहा वेळा. ती मोजत होती! मी परसात जाऊन रडलो. तेव्हापासून ती सकाळी आधी सहा मोजते आणि मगच माझ्या हातून पेज खाते. संख्या जुळली नाही तर तोंड उघडत नाही.

सबब, या टाकीत सातवा मासा कोणीही, कितीही मायेने, सोडू नये. एखादा मेला तर त्याच रंगाचा एकच आणावा. शार्दूल, हे तुझ्यासाठी लिहितो आहे. आजारी माणसाकडे रिकाम्या हाताने जाऊ नये ही आपल्याकडची रीत. तू दर खेपेला प्लॅस्टिकच्या पिशवीत मासा घेऊन येतोस आणि मी तुला दारातूनच परत पाठवतो. तू मला खडूस म्हातारा म्हणतोस ते मी ऐकले आहे. मी नसलो की तुला दारात अडवणारे कोणी नसेल, याची मला शस्त्रक्रियेपेक्षा जास्त धास्ती वाटते.

४. कबुली. ही धास्ती कुठून आली ते आजवर कोणालाही सांगितलेले नाही.

सन २००३ च्या श्रावणात मी एक हिशेब मांडला. सहा माशांनी बोट हलले, तर बारांनी हात हलेल. जन्मभर दुसऱ्यांच्या जमिनी मोजल्या. कोणत्या तुकड्यात किती मावते हे मला कळायला हवे होते. एस.टी. स्टँडजवळच्या दुकानातून सहा मासे आणले आणि विमलाला सकाळी आनंद व्हावा म्हणून तिचा डोळा लागल्यावर एकदम सोडले. त्या रात्री पावसात वीज गेली, हवेचा पंप बंद पडला. सकाळी मी उठलो तेव्हा विमला जागी होती. पाण्यावर बाराच्या बारा मासे उताणे तरंगत होते आणि ती माझ्याकडे बघत होती.

त्या नजरेला मी भ्यालो. म्हणालो, "गंगुबाईने काल टाकीतली वाळू सोड्याने धुतली, त्यामुळे मेले."

गंगुबाई गोताड, राहणार पोमेंडी, आमच्याकडे नऊ वर्षे कामाला होती. त्याच वेळी ती दारात पायपुसण्यावर पाय पुसत होती. तिने ऐकले, माझ्याकडे पाहिले, आणि आल्या पावली निघून गेली. तिने सोडा कधी वापरला नव्हता. विमलाचे बोट त्यानंतर एकोणीस दिवस हलले नाही; पेज मी चमच्याने तिच्या ओठांत सोडायचो, तेवढीच पोटात जायची. मी त्याच रंगांचे सहा नवे मासे आणले आणि देवाला हात जोडत बसलो.

अजूनही ते दुकान मला ओढते. विमलाचे बोट मंदावले की वाटते, एकच, एक लहानसा आणावा. म्हणून मी त्या रस्त्याने जात नाही, लांबून वळसा घेतो. माझ्या पायांवर माझा विश्वास नाही.

५. गडगा. शेजारी भागोजी शितप याने १९९८ साली आपला दगडी गडगा दीड वीत माझ्या हद्दीत सरकवला. भूकरमापकाच्या हद्दीत! सात वर्षे मी त्याच्याशी फक्त गणपतीत बोललो. ती दीड वीत मी त्याला देतो. मोबदल्यात, वीज गेली की त्याने यावे आणि वीज येईपर्यंत टाकीतलेच पाणी तांब्याने घेऊन उंचावरून परत टाकीत सोडत राहावे. त्याला हे कबूल आहे. गडग्याबद्दल मात्र तो म्हणतो, "तो पावसान सरकलो." सरकला असेल.

६. गंगुबाई. मागची पडवीची खोली गंगुबाईने तहहयात वापरावी. विमलाची व टाकीची देखरेख तिच्याकडे असावी आणि माशांबाबत तिचा शब्द शार्दूलच्या वर असावा, जर ती परत आली तर.

इथवर शुक्रवारी लिहिले. शनिवारी सकाळी भागोजीमार्फत निरोप पाठवून तिला बोलावले. येईल असे वाटले नव्हते. आली. विमलाच्या खाटेशेजारी तिला बसवून कलम चार मोठ्याने वाचले. विमलाकडे बघायचे धाडस झाले नाही.

गंगुबाई म्हणाली, "माला ठावं व्हतां, भाऊ."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"माला काय, दुसरां घर गावलां. पन वयनीचा तुमच्यावरचा इस्वास उडाला असता तर ती कोनाच्या हातचा जेवली असती?"

तिने विमलाचा उजवा हात आपल्या मांडीवर घेतला आणि दोघी टाकीकडे बघत बसल्या. विमलाचे बोट सहा वेळा हलले. नंतर तिने तोंड उघडले. पेज गंगुबाईने भरवली, मी नुसता वाटी धरून उभा होतो.

जाताना ती म्हणाली, "सोमवारपासून येतंव. पन तुमी टाकीला हात लावायचा न्हाय."

७. ही अट मला मान्य आहे. मृत्युपत्रातील बाकी सर्व कलमे माझ्या मरणानंतर लागू व्हावीत. हे एक, मी कोल्हापूरहून परत आलो तर, मी जिवंत असतानाच लागू आहे.

ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकिलांनी सांगितले. म्हणून खाली गंगुबाईचा अंगठा नाही, आणि भागोजी बाहेर पायरीवर बसला आहे.

सही: श्रीपती महिपत सुर्वे

आमच्यासमक्ष सही केली:
१. डॉ. मनस्विनी बेहेरे, रत्नागिरी. (यांनी नाडी पाहिली. जलद आहे, पण बुद्धी शाबूत आहे, असे त्या म्हणतात.)
२. विनोद दत्ताराम नागवेकर, निवृत्त शिक्षक, नाचणे रोड.

ठिकाण: रत्नागिरी, ओटीवर, टाकीसमोर.
दिनांक: १३ नोव्हेंबर २००५, रविवार. सही करण्यापूर्वी मोजले. सहा.