तोफ्या बैल आणि रशियाचं धोरण

महाळुंगे पडवळ,
एप्रिल २००३

श्री. भागूपाव्हणे, मुक्काम पारगाव, यांस हौशीरामचा दोन्ही हात जोडून रामराम.

पत्रात आधी खुशाली लिहावी म्हणून लिहितो, की इकडे मी आणि तोफ्या बैल दोघेही हिंडूनफिरून आहोत. तुमच्या मातोश्रींची कंबर, तुमचा खोकला आणि तुमचा राग, तिन्ही उतरणीला लागले असतील अशी आशा आहे. सारजा माहेरी आल्यापासून तिची तब्येत सुधारली असेल. (माझी उतरली आहे, पण त्याचं कारण उन्हाळा.) ती परत कधी यायचं म्हणते, हे विचारायला हे पत्र लिहिलेलं नाही. आमच्या जत्रेत शर्यतीच्या घाटावर जे झालं त्यामागे माझी लबाडी नसून परराष्ट्र धोरण होतं, एवढंच तुमच्या कानावर घालायचं आहे.

आमच्या गावात धरमचंदशेठचं किराणा दुकान आहे. तुम्ही एकदा खोबरं नेलं होतंत आणि खवट निघालं म्हणून निम्मं खाऊन परत आणलं होतंत, तेच. इराकची लढाई लागल्यापासून शेठ रोज सकाळी पेपर मोठ्याने वाचतात आणि आम्ही पोत्यांवर बसून जगाचा निकाल लावतो. निम्मे लोक अमेरिकेला शिव्या घालतात, निम्मे सद्दामला. मला मात्र रशिया आवडला. इराकशी त्याची जुनी दोस्ती, तिथले रणगाडेही त्यानेच दिलेले. पण अमेरिकेशीही नव्याने जमवून घेतलेलं. लढाईच्या आधी तो म्हणाला, हे बरं नव्हे. लढाई सुरू झाल्यावर म्हणाला, ही चूक आहे. आणि मग घरी बसला. (एक्क्याण्णव सालच्या लढाईतही त्याने ऐन वेळी बगदादला माणूस धाडला होता, असं शेठ सांगतात. लढाई तेव्हाही थांबली नाही, पण माणूस धाडल्याचं नाव झालं.) शेठ म्हणाले, "हौशीराम, शाना दुकानदार आसाच आसतो. समद्या गिऱ्हाइकांशी गोड बोलायचं, पन त्यांच्या भांडनात तराजू घिऊन पडायचं न्हाई." मला ते फार पटलं. दुकानदारालाही इतकं कळतं आणि आपण बागायतदार असून आपल्याला कळू नये?

आता तुम्हीच बघा. पाडव्याला तुम्ही जेवायला आलात आणि जत्रेसाठी तोफ्या मागितलात. घाटात गाडा पळवायला चार बैल लागतात, तुमच्या दावणीला पळणारे तीन, तेव्हा चौथा पाव्हण्याकडून आणायचा ही आपल्या भागाची रीतच. त्यात सारजा पुरण वाढत समोर उभी. अशा वेळी नाही म्हणणारा नवरा अजून जन्मायचा आहे. मी हो म्हणालो. पुढच्या आठवड्यात निरगुडसरहून माझी बहीण लंकाबाई तिच्या नवऱ्याचा, भिकादाजींचा, निरोप घेऊन आली. त्यांचेही बैल तीनच. तिने नुसता डोळ्याला पदर लावला आणि मी तिलाही हो म्हणालो. एका बैलाने दिवसात एकदाच पळायचं हा आमच्या जत्रेचा नियम मला ठाऊक होता, पण दोन दोस्तांपैकी एकाला दुखवावं असं कुठल्या धोरणात लिहिलंय? सारजाला कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "येकाला म्होरनं द्या, येकाला मागनं."

मग मी वाटाघाटीला लागलो. तुम्ही आणि दाजींनी मिळून सहा बैलांतले चार निवडावेत आणि एकच गाडा पळवावा, असा माझा तोडगा होता. (त्यात तोफ्याची गरजच उरत नव्हती, ही त्यातली खरी गोम.) तुम्ही म्हणालात, "पाव्हणं, त्याच्या बैलाशेजारी माजा बैल वैरन बी खायाचा न्हाई." भिकादाजीही तेच म्हणाले, फक्त त्यांनी बैलाऐवजी तुमचं नाव घेतलं.

जत्रेच्या सकाळी मी तोफ्याला शेजारच्या साळुबाईच्या गोठ्यात बांधलं, त्याचा खूर दुखावल्याचं दोघांना कळवलं आणि दोघांनीही संयम राखावा अशी विनंती केली. तटस्थपणा म्हणतात तो हाच. पण घाटावर हलगी वाजली, भोंगा सुरू झाला आणि त्या बैलाला धोरण काही समजलं नाही. दावं तोडून तो गर्दीतून घुसला आणि गाडा नाही, जोडीदार नाही, असा एकटाच शेपटी वर करून घाट चढून गेला. भोंग्यावरच्या माणसाने माझं नाव पुकारलं. पुढे तो असंही म्हणाला की खूर दुखावला असताना हा पळतो, तर बरा असताना काय करील. लोकांनी टोप्या उडवल्या. त्या भरात मीही टाळ्या वाजवल्या, ती तेवढी चूक झाली असं सगळे म्हणतात. तुम्ही आणि दाजी तीन-तीन बैल धरून उभे होतात आणि दोघेही एकाच नजरेने माझ्याकडे बघत होतात. (म्हणजे तुमची एकी मी घडवून आणली, हे कुणी लक्षातच घेत नाही.)

सारजा मात्र तेव्हा ओरडली नाही. जवळ येऊन तिने हळूच विचारलं, "माजा भाऊ गावात तोंड पाडून हुबा ऱ्हायला. तुमी नक्की कुनाचं, येवढंच सांगा." मी म्हणालो, सगळ्यांचा. ती तुमच्या टेम्पोत बैलांशेजारी जाऊन बसली. तेव्हापासून घर खायला उठतं, पाव्हणं. भाकरी मी करतो, ती तोफ्यासुद्धा हुंगून सोडतो.

थोरांच्या पाया पडलो असं समजावं, पोरांच्या पाठीवरून माझ्या नावाने हात फिरवावा.

आपला तटस्थ,
हौशीराम

ता. क. असंच एक पत्र भिकादाजींनाही टाकलं आहे. त्यात तुमच्याविषयी दोन-तीन वाक्यं आहेत, ती कानावर आल्यास धोरण म्हणून घ्यावीत.

आणखी ता. क. तुमच्या जत्रेला तोफ्याला घेऊन मी स्वतः येतो. तुमच्याच गाड्याला जुंपा. येताना टेम्पो मोठा ठरवला आहे. बैल चढवल्यावर पुढे केबिनमध्ये एका माणसाची जागा उरते, ती सारजाने पाहून घ्यावी.

शेवटचं ता. क. सारजाला म्हणावं, मी तुझा. एकटीचा. बाकी पत्र राहू द्या, पण एवढं वाक्य अंगणात चारचौघांसमोर मोठ्याने वाचून दाखवा. फक्त त्या दिवशी लंकाबाई पारगावात आलेली नाही ना, एवढं आधी बघून घ्या.