जुनं विंडोज पुसू नका

६ एप्रिल २०२५, रविवार
विनीत आलाच नाही. त्याच्याऐवजी लॅपटॉप आला! विनीतचा मित्र, बिरवाडीचा रितेश, पुण्याहून येताना घेऊन आला. सोबत पेनड्राइव्ह आणि वहीच्या कागदावर विनीतचं अक्षर — 'बाबा, रिटायर झाल्यापासून तुमच्या हाताला काम नाही. यावर लिनक्स टाका. जुनं विंडोज पुसू नका. बूटलोडर तिसऱ्या पार्टिशनवर टाका, डिस्कच्या तोंडावर नको.'

रितेशला विचारलं, कसा आहे तो? 'बरा आहे, मालोजीकाका,' म्हणाला आणि चहा न घेताच उठला. शिमग्याला पोरगा आला नाही, पालखी दारात येऊन गेली. पाडवाही गेला. फोनवर हो-नाहीच्या पुढे गाडी सरकत नाही. त्याच्या आईने, राहीने, जिवाला लावून घेतलंय — 'पोराचं कायतरी बिनसलंय.' मलाही तसंच वाटतं. विचारलं की तो म्हणतो, नेटवर्क नाही.

७ एप्रिल
लिनक्स म्हणजे विंडोजसारखीच, मशीन चालवणारी दुसरी यंत्रणा. बूटलोडर म्हणजे काय तेही आज समजलं. बटण दाबल्यावर जो सगळ्यांच्या आधी उठतो आणि बाकीच्यांना उठवतो, तो. म्हणजे आमची राही!

९ एप्रिल
डिस्कचे तीन भाग. पहिले दोन विंडोजचे. तिसरा रिकामा होता, त्यात लिनक्स बसलं. मग बूटलोडर. हुकूम दिला तर मशीन कुरकुरलं — पार्टिशनवर टाकणं भरवशाचं नाही, नका टाकू. एकतीस वर्षं एसटीच्या महाड डेपोच्या वर्कशॉपात काढली. आंबेनळी घाट चढणाऱ्या गाड्या रोज असंच कुरकुरायच्या. जबरदस्तीने टाकला.

बंद करून चालू केलं — सरळ विंडोज! लिनक्सचा पत्ता नाही. आणि विंडोज पासवर्ड मागतं, तो विनीतने दिलेला नाही.

११ एप्रिल
कालचा दिवस फुकट. राही म्हणते, 'त्या डब्याकडं बघून बघून डोळं जातील तुमचं.'

आज आंघोळ करताना उलगडलं. बूटलोडर जागेवर आहे, पण त्याला हाक कोण मारणार? ड्रायव्हर डेपोत हजर, ड्युटीच्या फळ्यावर नाव दुसऱ्याचंच. डिस्कच्या तोंडाशी जो बसलाय, तो फक्त खूण केलेल्या पार्टिशनला उठवतो. आणि खूण विंडोजवर! अंगावर टॉवेल तसाच. पेनड्राइव्हवरून मशीन उठवलं, तिथली खूण काढली, तिसऱ्यावर केली.

काळा पडदा. दोन ओळी — लिनक्स, विंडोज. दोन्ही उठतात! एकसष्टाव्या वर्षी स्वयंपाकघरात नाचलो. राही म्हणाली, 'आधी कापडं घाला.'

१२ एप्रिल
एक गंमत कळली. विंडोजकडून जावं तर पासवर्ड. लिनक्सकडून जावं तर तेच पार्टिशन बिनपासवर्ड उघडतं! पुढच्या दाराला कुलूप आणि मागचं दार सताड. विनीतची सगळी फोल्डरं समोर. एकाचं नाव 'घरचं'. बघावंसं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण गाडी दुरुस्तीच्या खड्ड्यावर आली तरी ड्रायव्हरच्या पिशवीला आम्ही कधी हात लावला नाही. बंद केलं.

विनीतला फोन लावला. चालू झालं, म्हटलं. 'सगळं दिसतंय?' — सगळं. तो म्हणाला, 'मग?' मी म्हटलं, मग काय, झकास! आणि त्या खुणेची हकीकत सांगितली, चांगली पंधरा मिनिटं. 'बरं,' म्हणाला आणि फोन ठेवला. एवढं केलं, शाबासकीचा एक शब्द नाही. रागच आला.

१५ एप्रिल
विनीतने फोन उचलला नाही.

१९ एप्रिल
आजही नाही. मेसेज आला — 'कामात आहे.' राहीने ताट तसंच सरकवलं. ते फोल्डर रोज दिसतं, रोज बंद करतो. त्यात काय असेल याचे शंभर तर्क करून झाले. तरी उघडत नाही, याचं मनातल्या मनात कौतुकही वाटतं.

२१ एप्रिल
रितेशला फोन केला. 'काका, तुम्हीच बोला ना त्याच्याशी,' म्हणाला. अरे, बोलू कसं? उचलायला तर हवा!

२२ एप्रिल
सकाळी राहीला फोल्डरचं सांगितलं. भाकरी थापता थापता तिने वर पाहिलं. 'पोरानं पुसू नका म्हटलंय. बघू नका म्हटलंय का?'

लॅपटॉप पुढ्यात ओढला. उघडलं. आत एकच पत्र.

'बाबा, नोकरी फेब्रुवारीत गेली. शिमग्याला कुठल्या तोंडाने येणार होतो? इथे पार्सलं पोचवतो. फोनवर सांगायला जीभ रेटत नाही. लिनक्स उठल्याशिवाय तुम्ही थांबणार नाही, आणि उठलं की हे दिसेल. मला घरी यायचंय. वाचलंत की फोन करून नुसतं ये म्हणा. विषयच काढला नाहीत, तर मी समजून जाईन.'

बारा तारखेला मी फोन केला होता. पंधरा मिनिटं बोललो होतो.

२२ एप्रिल, दुपार
सहाव्या वेळी उचलला. आधी ये म्हटलं. राहीने मागून दोनदा म्हटलं. मग सांगितलं की पत्र आजच वाचलं, सकाळी.

'आज?' म्हणाला, आणि लहानपणी रडायचा तसा मोठ्याने रडायला लागला.