घरातलं जस्त

३ जून
डॉक्टरीणबाईंनी हुकूम सोडला म्हणून लिहिते आहे. नात रोज काय खाते ते टिपून ठेवायचं. नऊ वर्षांची पोर, गेल्या वर्षीचा गणवेश यंदाही अंगाला बसतो — आणि मी मूर्ख, कापड टिकलं म्हणून खूश होते! वर्षभरात उंची जेमतेम दोन सेंटिमीटर. गुडघा खरचटून महिना झाला, अजून भरत नाही. रक्त तपासलं तर जस्त कमी.

मुलगा विचारतो, जस्त म्हणजे बादल्यांना चढवतात तेच का. इंजिनिअर आहे म्हणे.

४ जून
सकाळी दोन बिस्किटं. दुपारी चार घास भात. रात्री नुसती नाटकं.

५ जून
तसंच.

९ जून
डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. जस्त कमी पडलं की वाढ अडते, भूक मरते, जखमा रेंगाळतात. कधीकधी जिभेची चवही जाते. म्हणजे सगळं कागदासारखं लागतं असं पोर सांगत होती ते खरंच होतं. मी त्याला थेरं म्हटलं. दोनदा ताट संपेपर्यंत उठू दिलं नाही. लिहून ठेवते, म्हणजे पुढं नाकबूल करता येणार नाही.

औषध सुरू. शिवाय अंडी, भोपळ्याच्या बिया, मोड आणलेली कडधान्यं. सून म्हणाली, मी करते. म्हटलं, माझे हात अजून शाबूत आहेत.

२ जुलै
गुडघा भरला! बिया खिशात घालून शाळेत नेते. वर्गात वाटते, असा संशय आहे.

१२ जुलै
उंची अर्धा सेंटिमीटर वाढली. तीनदा मोजली. पोर कंटाळून म्हणाली, आता घटेल.

१४ जुलै
आज मटकीच्या भाजीचा पहिला घास घेतला आणि पोरीनं तोंड वाकडं केलं.

"आजी, खूप खारट आहे गं."

चव परत आली! मी टाळीच वाजवली. मग बाकीच्यांकडे पाहिलं. मुलगा ताटात बघत होता. सून पेल्यांत पाणी ओतत होती. मी पुन्हा चाखलं. मला तर बेताचंच लागलं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"वर्ष झालं असेल, आई," सून म्हणाली. "पण तुम्हाला सांगणार कोण?"

वर्षभर मुकाट गिळलं सगळ्यांनी! आधी रागावले. मग असं हसू फुटलं की ठसका लागला.

१५ जुलै
तपासणीला रक्त दिलं. माझं.
सुनेच्या स्वाधीन — मिठाची बरणी एक, डाव एक. सही घेतली.