दुसरं टोक

चैत्र वद्य पंचमी, दुपार

प्रिय सयाजी,

इथूनच तुझ्या तोंडावरून हात फिरवते आणि लिहायला बसते. अक्षर बघून दचकू नकोस, घरात कुणाला काही झालेलं नाही. दर खेपेला मास्तरांकडून लिहून घेते, पण मास्तरांच्या पोटात गोष्ट राहत नाही. गेल्या पत्रात माझे गुडघे दुखतात एवढं लिहिलं, तर दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावरच्या बाया माझ्या गुडघ्याला औषध सांगायला लागल्या. म्हणून आज मीच लिहिते. तिसरीत शाळा सुटली तेव्हापासून एवढं लांबलचक लिहिलेलं नाही, तेव्हा ओळी उतरणीला लागल्या तर हसू नकोस. चुलीवर डाळ ठेवली आहे, मधेच उठावं लागेल.

आधी पलूसचं सांगते. आप्पासोंच्या थोरल्या लेकीची आणि तुझी सुपारी आखितीच्या मुहूर्ताला फोडायची असं तुझ्या आज्जाच्या मनात आहे. पोरगी बघण्यातली आहे, नाकीडोळी चांगली, घरचा ऊस. तुला तीन पत्रं धाडली आणि तिन्हीला तुझं एकच उत्तर, तुम्ही म्हणाल तसं. वाचून हे मिशीवर ताव देत म्हणाले, ‘पलटणीनं वळण लावलं पोराला.’ मला मात्र तिथंच शंका आली. गुढीपाडव्याच्या सदऱ्याच्या रंगावरून जो पोरगा दोन दिवस जेवला नव्हता, तो बायकोच्या बाबतीत म्हणतो तुम्ही म्हणाल तसं? तुझी आई तुला दोन वर्षांचा माझ्या मांडीवर ठेवून गेली, मागोमाग बापही गेला. मी तुला रांगताना बघितलंय. तू गप बसलास की काहीतरी लपवलेलं असतं. लहानपणी गुळाची ढेप कमी व्हायची तेव्हा पण तू असाच गरीब गाय होऊन बसायचास.

बरं, आनंदाची बातमी राहूनच गेली. यंदा जत्रेला तंबूत आपला शिनेमा आला! सव्वा वर्षामागं पौषात तू सुट्टीवर असताना आपल्या शिवारात जो काढला तोच. गावात त्या दिवशी कुणाची चूल पेटली नाही. तंबू फाटेस्तोवर माणूस. मी नवं लुगडं नेसून पुढं बसले, आणि माझ्या शेजारी कोण बसणार यावरून बायांची भांडणं. तुझी आजी म्हणजे आता साधीसुधी बाई राहिली नाही, सांगून ठेवते.

तुला आठवतंय ना सगळं? मुंबईची माणसं आली आणि म्हणाली, गोष्ट पंजाबातली आहे, सरदार लोकांची. मी म्हटलं, मग पंजाबात जावा की, आमच्या उसात कशाला? तर म्हणे ऊस तिथं पण असतो आणि कृष्णेला आम्ही सतलज म्हणू. नदीचं नाव बदलणाऱ्यांवर माझा पहिल्यापासून भरवसा नाही. शाळेवर त्यांच्या लिपीतली पाटी लावली आणि गावातल्या चाळीस गड्यांना दाढ्या चिकटवल्या. मेंढक्या धुळा दाढी लावून घराकडं निघाला तर त्याच्याच कुत्र्यानं त्याला चावडीपर्यंत पळवला. धुळा ओरडतोय, ‘आरं मी हाय, मी!’ आणि कुत्रं काही ऐकेना. अजून आठवलं की पोट धरून हसते.

डाळ उतरवून आले. तर त्यांचा पगड्या बांधणारा माणूस तापानं पडला. आपल्या लोकांनी म्हटलं, त्यात काय, आम्ही फेटे बांधतो की. बांधले. लांब शेमला सोडून, कोल्हापुरी तोरा काढून. तो मुंबईचा साहेब कपाळाला हात लावून बसला, म्हणाला, ‘ये सरदार है या दूल्हे?’ तेव्हा तू पुढं झालास. मला वाटलं, पोरगा काहीतरी गंमत करतोय. पण तू कापड हातात घेतलंस आणि तुझा हात असा चालायला लागला, जसा माझा भाकरीवर चालतो. न बघता. टोक दातात, एक वेढा, दुसरा वेढा, कपाळावर घड्यांची पायरी. मी मनात म्हटलं, हे पलटणीत शिकवत नाहीत. हे कुणाच्या तरी घरात शिकलेलं आहे.

आणि खरी चोरी पुढंच पकडली. बांधायच्या आधी एवढं लांब कापड लांबीत घड्या घालून घ्यावं लागतं, त्याला समोर दुसरं माणूस लागतं, हे मला त्या दिवशी कळलं. तू इकडं तिकडं बघितलंस आणि मला हाक मारलीस, ‘आजे, दुसरं टोक धर.’ धरलं. घडी घालताना माझ्या हातून निसटायला लागलं तर तू म्हणालास, ‘हनुवटीखाली दाब, म्हणजे न्हाई निसटत.’ दाबलं. आणि सयाजी, तू माझ्याकडं बघून हसलास. पण ते हसू माझ्यासाठी नव्हतं. माझ्या जागी दुसरंच कुणीतरी उभं असल्यासारखं तू बघितलंस, आणि मग एकदम भानावर येऊन मान खाली घातलीस. चाळीस पगड्या होईस्तोवर मी टोक धरून उभी होते आणि चाळीस वेळा मनात एकच विचार, इथं रोज कोण उभं राहतं?

साहेबानं ते बघितलं आणि त्याला काय वाटलं कोण जाणे, म्हणाला हे असंच शिनेमात घेऊ. शिनेमातला पोरगा लढाईवर निघालाय आणि त्याची आई पगडीचं टोक धरते. तोंड त्या नटीचं, पण तिला काही धरता येईना, म्हणून हात आणि हनुवटी माझी. डोक्यावर ओढणी टाकली ते मी चालवून घेतलं. मग त्यांची कपडे बघणारी बाई आली आणि म्हणाली हिरव्या बांगड्या काढा, पंजाबात घालत नाहीत. मी म्हटलं, बाई गं, माझा धनी तो बघ समोर कट्ट्यावर बसून बिडी ओढतोय, धडधाकट. त्याच्यादेखत बांगड्या काढू? तुझा शिनेमा गेला उडत. हे पण उठून उभे राहिले. शेवटी तशाच ठेवल्या. तंबूत मी बघितलं, पंजाबातली आई आणि तिच्या हातात आपल्या सुलाबाई कासारणीनं भरलेला हिरवा चुडा! गावानं शिट्ट्या मारल्या. हे म्हणाले, ‘तोंड न दाखवता एवढं, दाखवलं असतं तर आम्हाला गावात राहायला दिलं नसतं तू.’

पण शिनेमा काही मला पटला नाही. आजवर तंबूत जेवढे सरदार बघितले ते एक तर टरक चालवत हसवतात नाही तर छातीवर गोळी घेऊन मरतात. हा पण मेलाच. मी ह्यांना विचारलं, हे लोक कधी घरात बसून जेवत नाहीत का? लेकीबाळी नाहीत का त्यांना? मुद्दामच विचारलं. तुला ठाऊक आहे, हे मोठ्या लढाईत असताना सरदार लोकांच्यात सहा महिने राहिलेले. तिकडल्या वाळवंटात ह्यांना ताप आला तेव्हा एका सरदारानं स्वतःच्या वाटणीचं पाणी पाजलं, ही गोष्ट मी लग्नापासून ऐकतेय. म्हटलं, मग अशा घरची लेक सून म्हणून आली तर? ह्यांनी माझ्याकडं असं बघितलं जसं मी तंबूला काडी लावली. म्हणाले, ‘लढाई येगळी, सोयरीक येगळी.’ आणि घरापर्यंत माझ्या चार पावलं पुढं चालत राहिले. माझं काम झालं होतं. एकदा बी पेरलं की मी उकरून बघत नाही.

आता तुला वाटेल आजीला नुसत्या हनुवटीवरून संशय. नाही बाबा. सुलाबाई परवा चुडा भरायला आली होती. बोलता बोलता म्हणाली, सयाजीनं जाताना माझ्याकडून डझनभर हिरव्या बांगड्या नेल्या, हवालदाराच्या सात वर्षांच्या पोरीला म्हणून. आणि मग डोळे बारीक करून म्हणते, ‘पण राहीबाई, माप सव्वादोनचं नेलं. सात वर्षांची पोर ती हातात घालंल का गळ्यात?’ मी तिला चहा पाजला आणि विषय मेंढरांवर नेला. पण मनात गाठ मारून ठेवली. त्यात तुझं सुट्टीवर येणं दोनदा लांबलं. तिसरं, तुझ्या पत्रात एक सुभेदार गुरबचनसिंग सारखे यायचे, त्यांचा खांदा लढाईत निकामी झाला, हात वर जात नाही, रविवारी त्यांच्या घरी जेवायला गेलो, असं. त्या पौषानंतर एकदम सुभेदार गायब. खांदा बरा झाला काय?

आता पुढचं नीट वाच. जत्रेनंतर चौथ्या दिवशी एक पाकीट आलं. पत्ता इंग्रजीत आणि आत शाळेवरच्या त्या पाटीसारखी लिपी. हे मळ्यात होते. सयाजी, तुझा बाप गेला तेव्हा आलेला कागद आठवला. पोस्टमनला विचारावं तर तो गावभर करणार, मास्तरांना येत नाही. तशीच लुगड्याच्या ओच्यात पाकीट खोचलं आणि विट्याची यष्टी धरली. तिथला दादासो, सोनं गाळायच्या धंद्यात बारा वर्षं लुधियान्याला आहे, जत्रेला घरी आलेला. त्याला ती लिपी वाचता येते. त्यानं पहिल्या दोन ओळी वाचल्या आणि हसला, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. मग मी म्हटलं, आता सावकाश वाच आणि वाचलेलं विट्यातच विसर.

कागद तुझ्या सुभेदारांचा होता. त्यांनी होळीला तो शिनेमा बघितला. लिहितात, शिनेमातली आई पगडीचं टोक हनुवटीखाली दाबून धरते, अख्ख्या पंजाबात असं कुणी धरत नाही. फक्त माझी लेक जसबीर धरते, ठेंगणी आहे, हात पुरत नाहीत म्हणून. आणि त्या आईच्या हातात ज्या बांगड्या तशाच हिरव्या माझ्या पोरीच्या पेटीत आहेत. त्यांनी पोरीला विचारलं आणि ती खोटं बोलली नाही. तुझ्यापेक्षा शहाणी आहे. म्हणजे बघ, एका टोकाला मी संशयानं जळत होते आणि दुसऱ्या टोकाला तो बाप, एकच शिनेमा बघून! पुढं लिहिलंय, पोरगा भला आहे, माझा हात उठत नाही तर वर्षभर माझी पगडी त्यानं बांधली. पण माझी लेक म्हणते, ज्यांनी त्याला वाढवलं त्या दोघांनी हाक मारल्याशिवाय मी त्या उंबऱ्यात पाय ठेवणार नाही, आणि पोरगा तुम्हाला विचारायला भितो. म्हणून मीच विचारतो.

काल हा सगळा कागद मी ह्यांना सांगितला. हे उठून सगळ्या बैलांना पाणी दाखवून आले, तहान नसताना. आल्यावर म्हणाले, ‘तिच्या बापानं विचारलं, पोरीनं खरं सांगितलं, आणि आपला वाघ बिळात. त्याच्या हातच्या चार ओळी येऊ देत. मग मी सोता पलूसला जातो, आप्पासोंच्या पाया पडून सांगतो. पण पोरानं तोंडानं सांगायचं.’ म्हणून हे पत्र, सयाजी. आखितीला तेरा दिवस आहेत, टपालाला पाच लागतात. भिऊ नकोस, खरं लिही. माझी हाक तर आत्ताच गेली असं समज आणि पोरीला सांग. शिनेमावाले विसरून गेलेलं एक पगडीचं कापड मी पेटीत जपून ठेवलंय. सुभेदार येतील तेव्हा त्यांच्या पगडीला एका बाजूला तू उभा राहा, दुसरं टोक मी धरते की जसबीर, ते आम्ही दोघी बघून घेऊ. तिच्या चुड्याचं सुलाबाईला सांगून ठेवलंय. माप विचारत बसू नकोस, मला ठाऊक आहे.

तुझीच, तुझ्या एका उत्तरासाठी दारात बसलेली,
आजी राहीबाई