किल्ल्यांची यादी

१२ सप्टेंबर, शुक्रवार

सुटीला आलेल्या भाचीनं, पेइनं, आज कचेरीच्या संगणकात तो लिहून देणारा एआय बसवला. समुद्रापलीकडचा, चीनचा, फुकटातला, कुणीही उतरवून घ्यावा असा. माझ्या वहीतली गिचमिड त्याला दाखवली. पाच मिनिटांत वस्तीतल्या एकट्या राहणाऱ्या सदतीस म्हाताऱ्यांची यादी तयार — वादळ आलं तर आधी कुणाचं दार ठोठावायचं, कुणाचा गुडघा, कुणाचं इन्सुलिन, किल्ली कुठे. मीही एकटीच, चौथी शिकलेली. बाकीचं माशाचे गोळे विकता विकता शिकले, वस्तीप्रमुखही तशीच झाले. इतकं नेटकं मला सात जन्मांत जमलं नसतं.

१५ सप्टेंबर, सोमवार

चंद्राच्या सणाची पपनसं आली. म्हाताऱ्यांना दोन-दोन. सूचनाही त्यालाच लिहायला लावली. काय गोड भाषा! छापून देवळाच्या फळ्यावर लावली.

१६ सप्टेंबर

भाजीवाली सांगून गेली, आमच्या यादीतले छ्यू काका लाल पेन घेऊन फळ्यापाशी उभे आहेत. असतील.

१७ सप्टेंबर, बुधवार

गोड भाषेत मधेच लिहिलं होतं — "मातृभूमीच्या ताइवान प्रांतातील आदरणीय ज्येष्ठांनो". मी वाचलंच नव्हतं. पपनसं मोजत होते.

छ्यू काका अठ्ठ्याऐंशीचे. म्हणाले, "पोरी, मी जन्मलो तेव्हापासून याच गल्लीत झोपतो. प्रांत कधी झालो? उठवायचं तरी."

हसू आवरेना. कागद काढला. पण फोटो कुणीतरी आधीच जिल्हा कचेरीत पाठवला होता.

१८ सप्टेंबर, गुरुवार

माहिती-सुरक्षेचे ओउ साहेब आले. साहेब कसले, माझ्या लेकीच्या वयाचे.

"प्रमुखकाकू, सरकारी कचेरीत पलीकडचा चालत नाही. परिपत्रक आलं होतं ना?"

आलं होतं. टेबल डुगडुगत होतं, पायाखाली घातलंय. त्यांनी वाकून पाहिलं. तिथेच राहू दिलं, भला माणूस.

पेइ म्हणाली, "साहेब, इंटरनेटची वायर काढूनच चालवला. पाककृतीचं पुस्तक आणलं म्हणून आचारी घरात येत नाही."

"आचारी येत नाही. पण मीठ किती, ते त्यानंच लिहिलंय. फळ्यावर चाखलंत की." मग हळूच — "आणि छापताना? तुमचं छपाईयंत्र वायरीशिवाय चालत नाही."

पेइचा चेहरा पडला. छापायला वायर लावली होती. तासभर. काढायची विसरली.

सदतीस किल्ल्या — कुंडीखाली, जुन्या बुटात, पितरांच्या फोटोमागे. विश्वासानं सांगितलेल्या. मला.

साहेबांनी दुपारभर तपासलं. "बाहेर काही गेल्याची खूण नाही. गेलंच नाही अशी शपथ मात्र मी घेणार नाही." तो पुसला. यादीही पुसली.

मी म्हटलं, लगेच किल्ल्यांच्या जागा बदलायला सांगते. भोंग्याचं बटण दाबलं, माइक तोंडाशी नेला. साहेबांनी हातच धरला.

"काकू, किल्ल्या बाहेर ठेवतात हे आता साऱ्या वस्तीला सांगणार?"

रोजची सवय. पाण्यापासून लसीपर्यंत सगळं भोंग्यावरच सांगते.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

दारोदार फिरले. पेइ दोन्ही हातांत पपनसं घेऊन मागे. शिक्षाच तिची. प्रत्येक दारी आधी माफी, मग पपनस, मग किल्लीची गोष्ट. कुणी रागावलं नाही. लिन आजी म्हणाली, "माझी किल्ली कुंडीखाली असते हे मांजरालाही ठाऊक आहे." तरी तिच्यासमोर हलवली.

पाय सुजलेत. छान वाटतंय.

२० सप्टेंबर, शनिवार

पेइ सकाळच्या गाडीनं गेली. यादी पुन्हा वहीत, हातानं. किल्ल्या लिहायच्या नाहीत, लक्षात ठेवायच्या — अर्ध्या मी, अर्ध्या छ्यू काका.

त्यांनी वही घेतली, बोट ठेवून मोजलं, आणि लाल पेनानं खाली अडतिसावं नाव घातलं. माझं.

"सगळ्यांची दारं तू ठोठावणार. तुझं कोण?"

मी म्हटलं, काका, मी प्रमुख आहे. ते म्हणाले, "ते खरं. किल्ली कुठे?"

सांगितली. इथेही लिहीत नाही.