तुझ्या बचावाबद्दल

प्रिय कोल्बी,

'प्रिय' लिहिताना पेन थांबलं होतं. पण एकोणीस वर्षांची सवय आहे, लिहून टाकलं. खोडणार नाही.

इकडे थंडी यंदा लवकर आली. मका सगळा निघाला, शेतं उघडी पडली आहेत आणि वारा सरळ वायोमिंगमधून येऊन आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीवर आदळतो. माझा डावा खांदा आता पुरता गेला. डॉक्टर म्हणतो, चाळीस वर्षं पोरांना ढकलत राहिलास, अजून काय होणार? अर्डिस बरी आहे. चर्चच्या भांडारात सोमवार-बुधवार जाते. गुरुवारी पोरांसाठी व्हायची ती राजमा-खिम्याची चिली आमच्याकडे आता शिजत नाही. दालचिनीचे रोलसुद्धा होत नाहीत. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "दोघांसाठी कोण एवढा घाट घालणार?"

तुला आठवतं का रे, तू पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आलास तेव्हा चिलीत रोल बुडवायचा असतो हे तुला ठाऊक नव्हतं? दुसऱ्या राज्यातला, मिसूरीचा पोरगा! तू रोल बाजूला ठेवलास, गोड म्हणून शेवटी खाईन म्हणालास, आणि अर्डिस हसून हसून सिंकला टेकली. एकोणीस वर्षांचा होतास, आमच्या कॉलेजात अमेरिकन फुटबॉल खेळायला आलेला. तिसऱ्या वर्षी गुडघा गेला आणि डॉक्टरांनी तुझं खेळणं संपवलं, तेव्हा तू सहा आठवडे आमच्याच मागच्या खोलीत होतास. तिथे पडल्या पडल्या तू माझ्या जुन्या सामन्यांच्या फिल्म पाहायचास, आणि एका सकाळी कुबड्या टेकत येऊन मला म्हणालास, "कोच, समोरचा संघ काय करणार ते चेंडू हलायच्या आधी कळतं. त्यांच्या पायांकडे बघा." मी वीसेक वर्षं शिकवत होतो आणि मला ते दिसलं नव्हतं. त्या दिवशी मी अर्डिसला सांगितलं, हा पोरगा माझ्या पुढे जाणार.

गेलासही. बचावाच्या प्रमुखाची जागा रिकामी झाली तेव्हा ऑस्टग्रेनने आधी मला विचारलं होतं. मुख्य प्रशिक्षक तो, निवड त्याची. मी म्हणालो, कोल्बीला द्या. डोकं त्याचं चालू दे, समोरच्यांना ढकलणाऱ्या पुढच्या फळीतल्या चौघांचे हात मी बघतो. हे तुला मी कधी सांगितलं नाही. सांगायची गरज वाटली नव्हती. आज सांगतोय, कारण आज मला सगळंच सांगायचं आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरमधलं ते आमच्या ओसरीवरचं बोलणं तुला आठवत असेलच. अर्डिसच्या माहेरगावच्या शाळेने मला मुख्य प्रशिक्षक म्हणून बोलावलं होतं. गाव लहान, पण तिची बहीण नोला तिथे, आणि नोलाचं दुखणं तेव्हा नुकतंच कळलेलं. घर नोलाच्या घरापासून दोन गल्ल्यांवर मिळत होतं. अर्डिसने पडद्यांची मापंसुद्धा घेतली होती. तू ऐकलंस आणि धावत आलास. पायरीवर बसलास, टोपी हातात फिरवत. "कोच, तुम्ही गेलात तर मी या पोरांना उभं कसं करू? चाली मी आखीन, पण ती फळी तुमची आहे. दोन वर्षं थांबा. यंदाची पोरं पास होऊन जाऊ देत. मी कुठे जात नाही, तुम्हीही जाऊ नका." मी विचारलं, "नक्की ना?" तू म्हणालास, "आईशपथ." अर्डिस जाळीच्या दारामागे उभी होती. तिने ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी मी त्या शाळेला नाही म्हणून कळवलं. मापं लिहिलेला कागद अर्डिसने फ्रीजवरून काढला, एवढंच.

पाच आठवडे, कोल्बी. तुझी शपथ पाच आठवडे टिकली.

बाद फेरीच्या सामन्याला तीन दिवस होते. पोरं व्यायामशाळेत वजनं उचलत होती आणि एकाच्या फोनवर बातमी आली. मी तिथेच होतो. 'टेक्सासच्या मोठ्या विद्यापीठात बचावाचा नवा प्रमुख', आणि खाली तुझा फोटो, त्यांच्या रंगाची टोपी घातलेला. इमॅन्युएलने वजन खाली ठेवलं आणि मला विचारलं, "कोच, हे खरं आहे?" मी म्हणालो, "सराव चारला आहे." तुझ्या खोलीत गेलो, तर टेबल साफ, भिंतीवरचे तक्ते गेलेले, किल्ली पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवलेली. मी तुला तीनदा फोन केला. तू एकदाही उचलला नाहीस. मोठी संधी आली, माणूस जातो. मी तेवढा दुधखुळा नाही. पण सांगून जाता आलं असतं. माझ्या ओसरीपासून तुझं घर चार मिनिटांवर होतं.

तो सामना आपण एक्केचाळीस-सतराने हरलो. चाली मी पुकारत होतो. इमॅन्युएल शेवटी गवतावर बसून राहिला, त्याला दोघांनी उचललं. शेवटचं वर्ष होतं त्याचं.

नोला फेब्रुवारीत गेली. निरोप पहाटे आला, रस्त्यावर बर्फ होतं. साडेसहा तासांची वाट आम्ही नऊ तासांत कापली. पोचलो तेव्हा चादर ओढलेली होती. परत येताना अर्डिस नॉर्थ प्लॅटपर्यंत, म्हणजे निम्मी वाट, बाहेरचं बर्फ पाहत होती. मग म्हणाली, "दोन गल्ल्या होत्या, मर्ल." तेवढंच. तुला तिने कधी शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

त्याच वसंतात तुझी मुलाखत ऐकली. बातमीदाराने विचारलं, आधीच्या संघाचा बचाव देशात चौथा आला, ते कसं जमवलं? तू म्हणालास, "तिथे काहीच नव्हतं. मी शून्यातून उभं केलं. सगळं माझ्या डोक्यातलं." मी बटण बंद केलं आणि गॅरेजमध्ये जाऊन उगाच हत्यारं लावत बसलो.

मग तुझा तिथला पहिला हंगाम सुरू झाला आणि गावाला करमणूक मिळाली. डोना तिच्या कॅफेच्या फळ्यावर रोज सूप लिहायची ना? रविवारी ती सूप पुसून तुझ्या बचावावर किती गुण चढले तो आकडा लिहू लागली. अडतीस. पंचेचाळीस. बियाणं विकणारा ग्लेन मोठ्याने म्हणायचा, "आज सूप दाट आहे!" आणि सगळी टेबलं हसायची. "अरे, तो होताच काय? मर्लची पोरं आणि नशीब!" असं कोणी म्हटलं की मी मान हलवायचो. ज्या रविवारी बावन्न लागले, त्या दिवशी मी ॲपल पायचा दुसरा तुकडा मागवला. मला तो गोड लागला. हेही लिहून ठेवतो.

गेल्या महिन्यात त्यांनी तुला काढलं. हंगाम संपायची वाटसुद्धा पाहिली नाही. आणि दहा दिवसांपूर्वी ऑस्टग्रेनने मला खोलीत बोलावून दार लावलं. "मर्ल, तू निवृत्त होतोयस. मला बचावाला माणूस हवा. सात अर्ज आहेत. एक कोल्बीचा." मी उठलो. तो म्हणाला, "बस. मंडळ म्हणतं, त्याची दोन वर्षं बघा, माणूस संपलाय. मला बचाव वाचता येत नाही, तुला येतो. वीस सामन्यांच्या फिल्म आहेत. तू पाहा आणि मला लेखी दे, त्याचं काम कसं होतं. राग घरी ठेवून ये." मी म्हणालो, "घरी आधीच फार आहे, तिथे जागा नाही." तो हसला नाही.

मी पाहिले. रोज सकाळी सात ते बारा, नऊ दिवस. खरं सांगतो, पहिले तीन सामने मी मजेत पाहिले. तुझ्या फळीतली चौघं पोरं अशी मागे ढकलली जात होती, जणू रोलर स्केट घातलेत. हात खाली, कोपरं बाहेर. मी मोठ्याने म्हणालो, "बघ! बघ आता!" खोलीत मी एकटाच होतो. चौथ्या सामन्यात मी फिल्म थांबवली. चेंडू हलायच्या आधीची ती क्षणभराची थांबलेली वेळ असते ना, तिथे थांबवली आणि मागच्या सात पोरांकडे पाहिलं. प्रत्येक जण बरोबर जागी होता. पुढची चाल पाहिली. बरोबर. पुढची. मग मी सगळे सामने पहिल्यापासून लावले. समोरच्यांनी लांब धावून टचडाउनचे गुण घेतलेल्या एकसष्ट चाली मी एकेक करून तपासल्या. त्यांतल्या एकोणीस तुझ्या चुकीच्या होत्या. बाकीच्या वेळी तू समोरच्याचा डाव ओळखला होतास आणि पोरांना अंगाने ते जमलं नव्हतं. पुढची फळीच कोसळत असेल तर मागे देव उभा केला तरी काय होणार?

आणि दुसऱ्या वर्षाच्या एका सामन्याआधी, कॅमेरा असाच फिरत असताना, तू दिसलास. त्या मोडक्या गुडघ्यावर बसला होतास, एका अवाढव्य पोराचे पंजे हातात धरून. आवाज नव्हता, पण तुझे ओठ मला वाचता आले. अंगठे वर, कोपरं आत. माझं वाक्य, माझ्याच लयीत. तू त्याला चुकीचं शिकवत होतास, मनगट आधी वळतं, ते तू विसरलास. मी ते अकरा वेळा पाहिलं. म्हणजे तुला ठाऊक होतं. शून्यातून काही उभं राहिलं नव्हतं, हे तुला त्या माइकसमोरही ठाऊक होतं. मला वाटलं होतं तू अडाणीपणाने बोललास. तसं असतं तर सोपं होतं रे.

मीही या दोन वर्षांत तुझ्या जागेवर काही दिवे लावले नाहीत. माझ्या पोरांचे हात छान होते आणि जागा चुकलेल्या. देशात साठावे आलो. डोनाने त्याचा आकडा फळ्यावर लिहिला नाही, हे तिचे उपकार.

आता हे पत्र का, ते सांगतो. काल मी ऑस्टग्रेनला दोन पानं लिहून दिली. लिहिलं, की आलेल्या सात अर्जांत याच्या जवळपास कोणी नाही. त्याला पुढच्या फळीसाठी चांगला शिक्षक जोडून द्या आणि बाकी त्याच्यावर सोडा. माणूस म्हणून तो कसा आहे हे तुम्ही मला विचारलेलं नाही, म्हणून लिहीत नाही. पुढच्या वर्षी चौदा पोरांचं शेवटचं वर्ष आहे. माझ्या रागापायी त्यांना कमी प्रतीचा माणूस द्यायचा, हे माझ्याने झालं नाही. ऑस्टग्रेन तुला सोमवारी फोन करील, आणि त्याच्या पोटात काही राहत नाही, माझं नाव तो सांगणारच. मग तू गाडी काढून थेट इकडे येशील, डोळे भरून, हातात काहीतरी घेऊन. मी तुला ओळखतो. येऊ नकोस. मी तुझ्या कामाला चांगलं म्हटलं, तुला नाही. आभार मानण्याजोगं त्यात काही नाही. आणि अर्डिसला मी यातलं काही सांगितलेलं नाही. नऊ दिवस ती समजत होती की मी खांद्याच्या व्यायामाला जातोय. तिच्यापासून लपवलेली ही माझी पहिली गोष्ट. ती तिला कशी सांगायची ते मला अजून सुचलेलं नाही.

एके काळचा तुझा,
मर्ल