तेवीस कोट आणि एक पेन

१८ एप्रिल

ती. आत्यास,
भिंगरीचा सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस, मी धडधाकट आहे. इथून फोन लागतो, पण घरी फोन केला की बाबा तो स्पीकरवर टाकून इस्त्रीच्या टेबलावर ठेवतात. मग माझी खुशाली बाबा, आई आणि शर्ट न्यायला आलेलं गिऱ्हाईक असे तिघं मिळून ऐकतात. परवा मला सर्दीवर काय घ्यावं हे एका अनोळखी गृहस्थांनी सांगितलं. तेव्हा खासगी काही बोलायचं तर तुला पत्रच. तू पोस्टाच्या खिडकीत बसतेस, तेवढाच तुझ्या खात्याला माझा हातभार.

शाळा चांगली आहे. वर्गात चौदा जण, आठ देशांतले. सकाळचे चार तास जपानी, आणि जपानी सोडून दुसरं काही बोललं की बाई खिडकीबाहेर बघत बसतात. आतापर्यंत मला तीन वाक्यं अस्खलित येतात. हे पुस्तक आहे. ती खुर्ची आहे. माफ करा, माझ्या हातून चूक झाली. बाई म्हणतात, तिसरं नीट घोटून ठेवा, त्याचाच उपयोग जास्त होतो.

खोली छान आहे. पलंगावर बसून दार, खिडकी आणि शेगडी, तिन्हींना हात पोचतो.

अडलंय ते कामाचं. आम्हा विद्यार्थ्यांना आठवड्याला अठ्ठावीस तास काम करायची मुभा आहे, काम मात्र ज्याचं त्यानं शोधायचं. डबे भरायच्या कारखान्यात मुलाखत दिली. साहेबांनी सहा प्रश्न विचारले. मला एकही कळला नाही, म्हणून मी सहाही वेळा हसून हो म्हटलं. बरोबरच्या मुलीनं नंतर सांगितलं की चौथा प्रश्न, तुम्हाला उभं राहिल्यावर चक्कर येते का, असा होता. हॉटेलातल्या बाईंनी चादर घालून दाखवायला सांगितली. ती मी इतकी ताणून घातली की गादीची चारही टोकं वर आली. दुकानाच्या गल्ल्यावर तर मला दारातूनच नमस्कार झाला.

बाबांची अट तुला माहीत आहे. सप्टेंबरअखेर, म्हणजे पहिलं सत्र संपेपर्यंत, हाताला काम असेल तर रहा. नाहीतर मुकाट्यानं परत ये आणि आपल्या लाँड्रीत बस. आत्या, मी शाळेत असल्यापासून त्या लाँड्रीत पावत्या फाडल्या, कॉलरी घासल्या, कपड्यांना खुणा घातल्या. निघताना सगळ्यांदेखत सांगून आले की आता इस्त्रीला हात लावणार नाही. आता काहीही करीन, पण परत येणार नाही.

माया असू दे, आणि ही चादरीची गोष्ट आईला सांगू नकोस.

तुझी
भिंगरी

---

३ मे

चि. भिंगरीस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

पाकिटावर तिकीट तिरकं लावलंयस. पंचवीस वर्षं पोस्टात काढलेल्या बाईची भाची तू. वरून कुणी बघितलं तर काय म्हणेल?

इकडे सगळे बरे आहेत. तुझा बाप, म्हणजे माझा धाकटा भाऊ, तू गेल्यापासून तुझं नाव काढत नाही. फक्त दुकानात येईल त्याला तिकडे आत्ता किती वाजले असतील ते सांगतो. कुणी विचारलेलं नसतं. काल एक बाई ब्लाउज मागत होती, तिलाही सांगितलं.

मुलाखतीला जाऊन हसत बसू नकोस. आपल्या घराण्यात हसून कुणाचं काही झालेलं नाही. तुझे काका आयुष्यभर हसले, शेवटपर्यंत हंगामीच राहिले. आपल्याला काय येतं ते दोन वाक्यांत सांगावं आणि गप्प बसावं. काय येत नाही ते लोक आपले आपण शोधून काढतात, त्यात त्यांना मदत करायची गरज नसते.

अंगात दोन कपडे जास्त घाल. पत्र वेळेवर टाक.

तुझी
आत्या

---

२४ मे

ती. आत्यास,
भिंगरीचा सा. न. वि. वि.

लागलं! काम लागलं. शाळेपासून चालत दहा मिनिटांवर. मालकीणबाई साठीच्या, चष्मा कपाळावर, बोलणं मोजकं. मी तुझ्या सल्ल्याप्रमाणे दोन वाक्यं बोलले आणि गप्प बसले. त्यांनी माझ्यापुढे एक शर्ट टाकला. पुढचं मी केलं नाही, माझ्या हातांनी केलं. कॉलर, खांदे, बाह्या, पाठ, घडी. मी भानावर आले तेव्हा मालकीणबाईंचा चष्मा कपाळावरून नाकावर आला होता.

ओळखलंस ना? हसू नकोस. लाँड्री आहे.

हे असं आहे बघ. सात समुद्र ओलांडायचे, नवी लिपी शिकायची, आणि शेवटी जाऊन कुठे उभं राहायचं, तर इस्त्रीपुढे. बाबांना हे कळलं तर ते काही बोलणार नाहीत, नुसते बघतील. फोनवरून बघतील. म्हणून मी खोटं बोलले नाही, फक्त जरा आखडतं सांगितलं. म्हटलं, लोक वस्तू आणून देतात, आम्ही नोंद करतो, तारखेला परत देतो, सगळं अगदी शिस्तीत, शांततेत. बाबा म्हणाले, म्हणजे लायब्ररी. मी हो म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही.

तू तोंड बंद ठेवशील ना? ठेवशीलच, माझ्यावर तुझा जीव आहे म्हणून लिहिते.

तुझी
भिंगरी

---

६ जून

चि. भिंगरीस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

काय करून ठेवलंस बाई! तुझ्या बापानं अख्ख्या रस्त्याला सांगितलंय. पोरगी परदेशात लायब्ररीत आहे. परवा एक मास्तर पँट न्यायला आले, त्यांच्याशी पाऊण तास पुस्तकांवर बोलत होता. स्वतः आयुष्यात पावतीपुस्तकाखेरीज एक पुस्तक हातात धरलं नाही. मास्तर पँट विसरून गेले.

मी तोंडात गुळणी धरून बसले आहे. पण सांगून ठेवते, मला ही गुळणी फार दिवस धरवत नाही. वयोमानानं दात हलतात.

मशीनपाशी जपून. केस बांध.

तुझी, नाइलाजानं सामील झालेली
आत्या

---

२७ जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

आत्या, माझी वाट लागली आहे. नीट सांगते.

इथे थंडी संपली की लोक जाड कोट धुवायला टाकतात, आणि पुढची थंडी येईपर्यंत लाँड्रीतच ठेवतात, घरी जागा नसते म्हणून. प्रत्येक कोटाला नंबराची कागदी चिठ्ठी टाचतात. त्या दिवशी चिठ्ठ्या छापायचं यंत्र अडकलं. मालकीणबाई कपडे पोचवायला बाहेर. माझ्यापुढे तेवीस कोट, ढीग केलेले, आणि पावत्या वेगळ्या. कुठला कोट कुणाचा हे मला त्या घडीला माहीत होतं, संध्याकाळपर्यंत राहिलं नसतं.

तर मी पिशवीतून बाबांचं पेन काढलं. तेच, खुणांचं, बाबा ज्यात स्वतः कालवलेली शाई भरतात. निघताना माझ्या सगळ्या कपड्यांना खुणा घालून बाबांनी ते बॅगेत टाकलं होतं. आणि मी तेवीस कोटांच्या आत, मानेपाशी, अस्तरावर, आपल्या पद्धतीनं खुणा घातल्या. एकाला दोन ठिपके, एकाला फुली, एकाला कोयता, एकाला ठिपक्याखाली रेघ. वहीत समोर नावं लिहिली. एकही खूण दोनदा नाही. इतकी खूश होते मी, की मालकीणबाई आल्याबरोबर पहिला कोट उलटा करून दाखवला.

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या स्टुलावर बसल्या. मग हळूहळू, मला कळेल असं सांगितलं, की दुसऱ्याच्या कोटावर इथे कुणी काही लिहीत नाही. ठिपकासुद्धा नाही. आणि हे अस्तर रेशमी आहे.

साबण, स्पिरिट, लिंबू, सगळं एका चिंधीवर करून पाहिलं. चिंधी विरली, ठिपका ताजातवाना. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात लोक कोट न्यायला येतील. त्याआधी शाई निघाली तर ठीक. नाही निघाली तर मालकीणबाईंना गिऱ्हाइकांपुढे मान खाली घालावी लागेल, आणि मग मला ठेवता येणार नाही, असं त्या म्हणाल्या. त्यांचं चुकलंय असंही म्हणवत नाही. काम गेलं की बाबांची अट आहेच.

ती शाई कशी निघते हे जगात एका माणसाला माहीत असेल. तू काहीतरी निमित्त काढून विचार ना. माझं नाव न घेता. तुझ्या पाया पडते.

भिंगरी

---

१० जुलै

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

विचारलं. माझ्या एका साडीवर लाँड्रीची खूण आहे, ती काढायची आहे, असं म्हटलं. तुझा बाप इस्त्री उभी करून म्हणाला, ताई, तुझ्या साड्यांना मी कधी खूण घातलेली नाही, तुझ्या साड्या मी रंगावरून ओळखतो, असले रंग दुसरं कुणी नेसत नाही. मी म्हटलं, मैत्रिणीची आहे. म्हणाला, कुठली मैत्रीण? मी म्हटलं, आहे एक. म्हणाला, कापड कुठलं? आणि मी, पंचवीस वर्षं सरकारी नोकरीत कुणाला काही कळू न दिलेली बाई, पटकन बोलून गेले, कोटाचं अस्तर.

मग तो मला बसायला स्टूल देऊन समोर उभा राहिला. पाच मिनिटांत सगळं ओकले. तुझी, लाँड्रीची, कोटांची, सगळी हकिगत. माफ कर. हलणारे दात गं.

तो टेबलाकडे वळला. टेबलावरचा शर्ट पुरा केला, घडी घातली, कागदात बांधला. मग दिवसाढवळ्या शटर खाली ओढलं. एवढ्या वर्षांत हे मी पहिल्यांदा बघितलं. आत बसून त्यानं जे लिहिलं ते सोबत आहे. मला वाचू दिलं नाही, पाकीट स्वतः चिकटवलं. पोस्टातल्या माणसाला पाकीट चिकटवून देतो! काय झालं ते कळव, जीव टांगणीला आहे.

तुझी
आत्या

---

१० जुलै

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

आत्याने सांगितले. शाई निघत नाही. निघत असती तर मी ती वापरली नसती. औषध, पावडर काही लावू नये. रेशमी अस्तर जाईल आणि ठिपका राहील.

उपाय एकच. गिऱ्हाइकाने कोट न्यायला येण्याआधी आपण कोट घेऊन त्याच्या दारात जावे. आपल्या हाताने उलटा करून दाखवावा. काय केले ते सांगावे, का केले ते त्याने विचारल्यास सांगावे. दुकान नवीन होते तेव्हा मी एका वकिलाचा काळा कोट जाळला. त्यांच्या दारात घेऊन गेलो. अर्धा तास शिव्या खाल्ल्या. पुढे बावीस वर्षे त्यांचे कपडे आपल्याकडे होते. तुझ्या आईलासुद्धा हे माहीत नाही.

एकही खूण दोनदा घातली नाहीस हे ठीक केलेस.

लाँड्रीत आहेस हे लपवण्यासारखे काय होते ते मला कळले नाही. मास्तर आता मला पुस्तके आणून देतात.

मागच्या बाजूस प्रश्न आहेत. उत्तरे नंबरवार पाठवणे.

बाबा

---

३० सप्टेंबर

तीर्थरूप बाबांस,
भिंगरीचा शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, कारण रिकाम्या हातानं लिहायचं नव्हतं.

तुमचं पत्र मालकीणबाईंना मोडक्यातोडक्या जपानीत वाचून दाखवलं. वकिलाच्या कोटापाशी त्यांनी मला दोनदा थांबवलं आणि शिव्या कुठल्या कुठल्या, ते विचारलं. मला सांगता आलं नाही. सप्टेंबर लागल्यावर आम्ही निघालो. पहिल्या पाच दारांशी त्या बरोबर आल्या, सहाव्यापासून म्हणाल्या, आता तुझी तू.

शाळेत घोटलेलं वाक्य पहिल्याच दारात विसरले. नुसता कोट उलटा करून उभी राहिले. त्या गृहस्थांना वाटलं मी कोट विकते आहे. पुढे जमायला लागलं. एकांनी चष्मा आणून ठिपके मोजले. एका आजीबाईंनी खुणेचा अर्थ विचारला. मी म्हटलं, हा कोट तुमचाच, दुसऱ्या कुणाचा होऊच शकत नाही, एवढाच अर्थ. त्या म्हणाल्या, हे चाळीस वर्षांपूर्वी नवऱ्यावर घालून घ्यायला हवं होतं. सोळा जणांनी अस्तर कुणाला दिसतंय म्हणून सोडून दिलं. एकानं कोट घेऊन तोंडावर दार लावलं. दोघांनी आपले बाकीचे कपडेही परत मागितले, ते दुसरीकडे गेले. त्या दोघांचं मला वाईट वाटतं, मालकीणबाईंना माझ्याहून जास्त. चौघांना अस्तर बदलून हवं होतं. दोन झाली, तिसरं हातात आहे. माझी शिलाई आईनं बघू नये.

काल तेविसावा कोट दाखवून झाला. मालकीणबाईंनी शाळेच्या कागदावर पुढच्या सत्रातले माझे कामाचे तास लिहून सही केली. मग हात पुढे केला आणि ते पेन मागून घेतलं. ते आता त्यांच्या ड्रॉवरमध्ये कुलपात आहे. किल्ली कुठे असते ते मला सांगायचं नाही असं ठरलंय. तेव्हा तुमची अट पुरी झाली, बाबा. मी राहते आहे.

उत्तरं: एक, वाफेची इस्त्री वरून टांगलेली असते, त्यामुळे मनगट दुखत नाही. दोन, बिडाची एकही नाही. तीन, कॉलर आधी, तुमच्यासारखीच. चार, बाह्या यंत्रात भरतात, माणूस उभा केल्यासारखा शर्ट फुगतो, बघून तुम्हाला राग येईल. पाच, हो. सहा, नीळ कुणी घालत नाही. सात, स्टार्च फवारतात. आठ, घडीपेक्षा टांगून देणं जास्त. नऊ, भाजते कधी कधी, उजव्या हाताला, आता बरं आहे. दहा, मालकीणबाई स्वतः अजून टेबलावर उभ्या राहतात, रोज, साडेतीन तास.

अकरावा प्रश्न तुम्ही लिहून खोडला आहे, पण साध्या पेनानं. कागद खिडकीवर धरला की वाचता येतो. शाळेची अजून तीन सत्रं आहेत. ती संपल्यावर काय, हे मला खरंच माहीत नाही, आणि माहीत नसताना हो लिहिलं तर ते पुन्हा लायब्ररीसारखं होईल. पण परत आले तर अट म्हणून येणार नाही, एवढं नक्की. आणि खोडू नका हो बाबा. विचारत जा.

आईला नमस्कार, आत्याला सांगा की यावेळी तिकीट सरळ लावलं आहे. रागावलात तरी चालेल, पण लिहीत रहा.

तुमची
भिंगरी